अर्काची बादली आणि गुंठ्याचा हिशेब

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मृगाचा पाऊस तोंडावर आला की मुंबईतल्या गच्चीवरच्या बागांपासून वसई-पालघरच्या वाड्यांपर्यंत मोबाइलवर एकच कृती फिरू लागते. कडुनिंब, अडुळसा, तुळस, निर्गुडी यांचा पाला वाटा, रस गाळा, त्यात वाटीभर मीठ, बाटलीभर व्हिनेगर आणि झाकणभर भांड्यांचा साबण घाला, फवारा. तण जळून जाईल, 'केमिकल' नकोच. तण जळते हे खरे. पण ते जाळतात मीठ आणि व्हिनेगर. पाला नुसता साक्षीला असतो. घरच्या व्हिनेगरमध्ये चार-पाच टक्के ॲसिटिक आम्ल असते. ते दोन पानांवरचे कोवळे रोप करपवते, मुरलेल्या तणाची पाने डागाळतात आणि आठवड्यात खालून नवी फूट येते. मिठाचे तसे नाही. ते कुंडीत साठत जाते आणि पुढच्या हंगामात मिरचीच्या पानांच्या कडा जळल्या की माणूस खताला दोष देतो. खाडीकाठी भरतीचे खारे पाणी बांधाबाहेर ठेवण्यासाठी जे वर्षानुवर्षे बांध घालतात, त्यांनाच शेतात मीठ फवारायला सांगणे म्हणजे कहरच.

या सल्ल्यांमुळे एका चांगल्या विषयाची माती होते, म्हणून हे पत्र. औषधी वनस्पतींतली द्रव्ये दुसऱ्या झाडांच्या बियांना रोखतात, ही गोष्ट खरी आणि बरीच तपासलेली आहे. एका झाडाने रसायनांच्या वाटे दुसऱ्यावर परिणाम करण्याला ॲलिलोपथी म्हणतात. हा शब्द हान्स मोलिश या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये रूढ केला. आपल्या शेतकऱ्याकडे त्याच्या जवळपास जाणारा शब्द आधीपासून आहे: बेवड. आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण किंवा अवगुण. हरभऱ्याचा बेवड चांगला, ज्वारीचा वाईट, असे आपण म्हणतो त्याला नत्राबरोबर हेही एक कारण आहे. ज्वारीच्या मुळांच्या केसांतून सॉर्गोलिऑन नावाचे तेलकट द्रव्य पाझरते आणि ते शेजारच्या कोवळ्या रोपांचे प्रकाशसंश्लेषण अडवते. पाकिस्तानात फैसलाबादच्या कृषी विद्यापीठाने ज्वारीच्या ताटांचे पाणी गव्हावर फवारून तण कमी करण्याचे प्रयोग पुष्कळ केले. तण कमी झाले, पण साफ झाले नाही. जपानमध्ये योशिहारू फुजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये २३९ औषधी वनस्पतींची पाने एकाच पद्धतीने तपासली. त्या पद्धतीकडे पुढे येऊ, कारण ती घरी करता येते.

मुंबईत कित्येक सोसायट्यांच्या आवारात बॉटलब्रशचे झाड असते. लाल ब्रशासारखी फुले लोंबतात ते. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात एका रसायन कंपनीतल्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आले की या झाडाखाली तण फारसे उगवत नाही. शोध घेतल्यावर लेप्टोस्पर्मोन हे द्रव्य सापडले. तणाची पाने त्याने पांढरी पडत, पण त्यासाठी मात्रा भरमसाट लागे. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूची जुळणी बदलत बदलत मेसोट्रिओन तयार केले. २००१ पासून ते मक्यातले तणनाशक म्हणून विकले जाते आणि हेक्टरी शे-दीडशे ग्रॅमवर काम करते. झाडाने दिलेले द्रव्य दुबळे होते, कारखान्याने ते जबर केले. पाल्याच्या रसाकडून तणनाशकाच्या बाटलीची अपेक्षा ठेवणारा माणूस ही मधली पायरी विसरतो.

आता हिशेब, कारण सगळा घोळ तिथे आहे. प्रयोगशाळेत नऊ सेंटीमीटर रुंदीच्या काचेच्या बशीत गाळणकागद ठेवतात, त्यावर बी मांडतात आणि दहा टक्के अर्काचे पाच मिलिलिटर घालतात. दहा टक्के म्हणजे एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम वाळलेला पाला. बी उगवले नाही की 'तणनाशक गुणधर्म आढळले' असे लिहिले जाते. त्या बशीचे क्षेत्रफळ धरले तर ही मात्रा चौरस मीटरला जवळजवळ ७९० मिलिलिटर होते. शेतात फवारताना आपण एकरी २०० लिटर पाणी धरतो, म्हणजे गुंठ्याला पाच लिटर, म्हणजे चौरस मीटरला फक्त ५० मिलिलिटर. सोळाव्या हिश्शाच्या आसपास! शिवाय बशीत माती नव्हती. शेतात वरच्या दोन सेंटीमीटर थरात चौरस मीटरला पंचवीस किलोच्या घरात माती असते. वाळल्या पानाचा साधारण पाचवा हिस्सा पाण्यात उतरतो, तेव्हा ५० मिलिलिटर अर्कातून एक ग्रॅम ऐवज त्या पंचवीस किलो मातीत जातो. त्यातही बहुतेक साखर, क्षार आणि रंग. खरी रोखणारी द्रव्ये त्यातला लहानसा अंश. चिकण माती आणि कुजलेले सेंद्रिय पदार्थ त्यांतली काही धरून ठेवतात, उरलेली जिवाणू खातात. ऊबदार ओल्या मातीत हे काम काही दिवसांत उरकते.

मग बशीतली मात्रा शेतात द्यायची तर? गुंठ्याला ऐंशी लिटर अर्क, म्हणजे आठ किलो वाळलेला पाला. भाताच्या खाचरात वनस्पतींचा पाला थेट पसरून तण दाबण्याचे जे प्रयोग जपानमध्ये झाले, त्यांत हेक्टरी एक ते दोन टन वाळलेला माल लागला. तो गुंठ्याला दहा ते वीस किलो येतो. दोन्ही वाटांनी आपण एकाच आकड्यापाशी पोहोचतो. आठ-दहा किलो वाळलेला पाला म्हणजे तीस-चाळीस किलो ओला. एकराला ओला पाला बारा ते सोळा क्विंटल. एवढा पाला तोडायला कोणत्या झाडावर चढणार? म्हणून सोयाबीनच्या पाच एकरांसाठी ही वाट नाही, आणि तसे जो सांगेल त्याला आधी पाला कुठून आणायचा ते विचारावे. रोपवाटिकेचे वाफे, एक-दोन गुंठ्यांची भाजी, परसबाग, गच्ची, इथे मात्र हिशेब जमतो. बारा इंची कुंडीचे तोंड सात शतांश चौरस मीटर असते. तिला सात ग्रॅम वाळलेला पाला पुरतो, म्हणजे जेमतेम मूठभर. चार फूट बाय दोन फुटांच्या वाफ्याला ७५ ग्रॅम.

हा हिशेब मांडला की दुसरा प्रश्न आपोआप येतो: एवढा पाला आणायचाच आहे, तर रस कशाला काढायचा? आमचे मत असे की बहुतेक ठिकाणी पाला जसाच्या तसा, भरडून, जमिनीवर घालणे रसापेक्षा बरे. प्रत्येक पाण्याला त्यातून थोडे थोडे द्रव्य उतरत राहते, वरचा थर उजेड अडवतो आणि माती झाकली जाते. रसाचा मारा एकदाच होतो, आणि तो एका सरीत वाहून जातो. कोकणात मोसमात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जूनअखेरीच्या झडीपुढे अर्काचे काय चालणार? पावसाळ्यात रस काढूच नये, हा आमचा साधा नियम. त्याची जागा हिवाळी आणि उन्हाळी भाज्यांत, जिथे पाणी आपल्या हातात असते.

पाला वापरायची रीत अशी. आधी वाफा तयार करून भिजवावा आणि आठ-दहा दिवस तसाच सोडावा. वरच्या थरातले तण उगवून येते. ते दोन सेंटीमीटरपेक्षा खोल न जाता खुरप्याने कापून काढावे. खोल खणले की खालचे निजलेले बी वर येते आणि सगळी मेहनत फुकट जाते. मग चार-पाच पानांची, दणकट रोपे लावावीत: टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी. रोपांची मुळे खाली गेलेली असतात आणि तणाचे बारीक बी वरच्या एक सेंटीमीटरात असते. या खोलीच्या फरकावरच आपले पीक वाचते, पाल्याला पीक आणि तण यांतला भेद कळत नाही. लावणीनंतर पाणी द्यावे, वाफसा येऊ द्यावा आणि तिसऱ्या दिवसाच्या आत चौरस मीटरला ८० ते १०० ग्रॅम भरड पाला सारखा पसरावा. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी. त्यावर झारीने चौरस मीटरला दोन-तीन लिटर पाणी हळू फिरवावे. एवढ्याने वरचा एक-दीड सेंटीमीटरच भिजतो आणि द्रव्य तिथेच राहते. पाटाने पाणी सोडले तर द्रव्य वरचा थर सोडून भलतीकडेच जाईल. दुसऱ्या दिवशी वर चार-पाच सेंटीमीटर पेंढ्याचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन घालावे. पाला मातीत कालवू नये. वाळल्या पाल्यात कर्ब जास्त, नत्र कमी; तो मातीत मिसळला की कुजवणारे जिवाणू पिकाच्या वाट्याचे नत्र ओढतात. रोपे पिवळी पडतात, आणि लोक म्हणतात, 'अर्क पिकाला लागला.' दोष अर्काचा नसतो, कालवण्याचा असतो.

पेरणीच्या वाफ्यात, जिथे पाला पसरता येत नाही, तिथे अर्क करावा. पाला सावलीत पाच-सात दिवस वाळवून हाताने चुरडला जाईल इतका कोरडा करावा. उन्हात वाळवला तर उडून जाणारी द्रव्ये जातात. भरड दळून एक किलो पूड दहा लिटर पाण्यात प्लास्टिकच्या किंवा स्टीलच्या भांड्यात चोवीस तास भिजत घालावी, मधून दोन-तीनदा ढवळावी. लोखंडी घमेले नको. पानांतले टॅनिन लोखंडाशी जुळून पाणी काळे होते आणि टॅनिन त्यातच अडकून बसते. दुसऱ्या दिवशी दुहेरी मलमलीतून पिळून घ्यावे. पूड आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी पिऊन बसते, म्हणून दहा लिटरचे आठच लिटर हाती येतात. ते दहा चौरस मीटरला, म्हणजे गुंठ्याच्या दहाव्या हिश्शाला, झारीने द्यावे. पंपाने देऊ नये. गाळाने नोझल तुंबेल. ज्या पंपाने कधी तणनाशक मारले असेल तो तर या कामाच्या जवळही आणू नये, कारण नळीत उरलेल्या थेंबांचे श्रेय तुमच्या अडुळशाला मिळेल. अर्क त्याच दिवशी संपवावा. तिसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास येतो, आणि मग बी रोखते ते आंबलेल्या पाण्यातले आम्ल. ते दर वेळी वेगळे निघते, त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

दशपर्णी अर्कावरून इथे फार गोंधळ होतो. तो किडींसाठी आहे. महिनाभर आंबवून, मग शेकड्याला दोन-अडीच लिटर इतका पातळ करून आपण तो उभ्या पिकावर फवारतो आणि पिकाला काही होत नाही. जे पिकाला काही करत नाही ते तणाला काय करणार? तीच गत कडुनिंबाच्या तयार औषधांची. त्यांतले ॲझाडिरॅक्टिन किडीची कात टाकण्याची क्रिया बिघडवते. तणाला कात नसते. निंबाच्या पाल्यातून बियांना रोखतात ती फिनॉलिक वगैरे इतर द्रव्ये, आणि ती पाल्यात असतात, पंधराशे पीपीएमच्या बाटलीत नव्हे.

पातळ अर्काने आणखी एक उलटा प्रकार होतो. जी मात्रा दहा टक्क्यांवर बी रोखते, तीच एक-दोन टक्क्यांवर कित्येकदा रोपाची वाढ वाढवते. याला हॉर्मेसिस म्हणतात. शेवग्याच्या पानांचा रस तीसपट पाण्यात मिसळून पिकाला टॉनिक म्हणून देतात, हे अनेकांना माहीत असेल. तोच शेवगा मोबाइलवरच्या तणनाशकाच्या कृतीत दिसला की हसावे की रडावे कळत नाही. अर्क 'थोडासा' फवारणाऱ्याच्या वाफ्यात घोळीचे तण जास्त माजते, ते यामुळेही.

पाला कोणता घ्यावा? कडुनिंब फाल्गुनात पान गाळतो आणि पाडव्याला नव्या पालवीने उभा असतो. ती महिनाभराची पानगळ रस्त्याकडेला, सोसायटीच्या आवारात ढिगाने मिळते, झाड ओरबाडावे लागत नाही. झाडून गोळा करताना प्लास्टिक आणि सिगारेटची थोटके मात्र निवडून काढावी. अडुळशात व्हॅसिसिन हे अल्कलॉइड असते. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला लावतात, आणि भातखाचरात हिरवळीचे खत म्हणूनही तो घालतात. छाटणीचा पाला चांगला मिळतो. नीलगिरीच्या पानातले सिनिओल उडून जाणारे आहे: पाला ताजा भरडून लगेच झाकला तरच उपयोग, उकळून काढा केला तर स्वयंपाकघराला वास आणि शेताला कोमट पाणी. झेंडू विसरू नका. दसरा-दिवाळीला दादरच्या फुलबाजारात झेंडूचा डोंगर पडतो आणि दोन दिवसांत त्याचा कचरा होतो. फुले, देठ, पाने वाळवून वापरता येतात. दोरा, तारा आणि रंगवलेली फुले काढून टाकली म्हणजे झाले. तुळशीत युजेनॉल असते खरे, पण मूठभर पानांसाठी झाड उघडे करावे लागते. ती चहात बरी.

संजय गांधी उद्यान किंवा आरेच्या जंगलातून पाला तोडून आणू नये. कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय गुंठ्याला आठ किलोंच्या हिशेबाने निर्गुडीची झुडपेच्या झुडपे नागवी होतात.

धोतरा, कण्हेर, रुई, गुंज यांचा पाला 'जालीम' म्हणून सुचवला जातो. भाजीच्या वाफ्यात हे अजिबात नको. मातीत मिसळलेली, तंबाखूतल्या निकोटीनसारखी अल्कलॉइडे शेजारच्या रोपाच्या मुळांतून आत जातात, हे दाखवले गेले आहे. कण्हेरीतली द्रव्ये हृदयावर परिणाम करतात. पालकाच्या पानावर उडालेला थेंब धुवून जाईल या भरवशावर राहू नये. तंबाखूच्या पाण्याचा दुसराही तोटा आहे: वाळल्या तंबाखूत मोझॅक विषाणू टिकून असतो आणि तो टोमॅटो-मिरचीला लागतो.

लवंग तेलाची गोष्ट वेगळी. ते बी रोखायला नव्हे, उगवलेले तण करपवायला वापरतात. त्यातले युजेनॉल पानावरचे मेणाचे आवरण आणि पेशींची पटले फोडते, काही तासांत पान मलूल होते. पण तण दोन-चार पानांचेच हवे आणि द्रावणात तेल पाच-दहा टक्के हवे. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून रिठ्याचे दाट पाणी किंवा साबण घालून ते दुधासारखे होईपर्यंत घुसळावे लागते. नाहीतर पंपातून आधी नुसते पाणी येते आणि शेवटी नुसते तेल. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. दातदुखीला थेंबभर लावतो म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. या प्रमाणात ते कातडी भाजते. आणि किमतीचे पाहाल तर फरशीच्या फटीतले तण काढण्यापलीकडे ते परवडायचे नाही.

कोणत्या तणावर काय होते हे आधी समजून घ्यावे. माठ, काटेमाठ, घोळ, सावा, ओसाडी यांचे बी बारीक; त्यांच्याजवळ शिदोरी थोडी, त्यामुळे ती लवकर अडतात. केना आणि गोखरू यांचे बी मोठे, ती बहुधा निसटतात. लव्हाळा आणि हरळी यांच्यावर पाल्याचा काही इलाज नाही. लव्हाळ्याच्या गाठी दहा-वीस सेंटीमीटर खाली माळेसारख्या जोडलेल्या असतात, वरच्या थरातला अर्क तिथवर जातच नाही. गंमत अशी की लव्हाळ्याची गाठ, नागरमोथ्याची भावंड, स्वतःच औषधी आहे आणि तिच्यातूनही पिकाला रोखणारी द्रव्ये पाझरतात. औषधी वनस्पतीने तण रोखायचे म्हणतो तेव्हा इथे तणच औषधी निघते! त्याला खणून गाठी वेचणे आणि उन्हाळ्यात माती तापवणे हेच उपाय. जे बी रोखले जाते ते पिकाचेही असू शकते: मेथी, कोथिंबीर, पालक, लाल माठ ही सरळ पेरायची पिके अर्कापुढे तणासारखीच वागतात. लाल माठाच्या वाफ्यात रानमाठ रोखू पाहणे तर भाबडेपणाच. पेरणीच्या वाफ्यात अर्क द्यायचा तो पेरणीआधी पंधरा दिवस, आणि नंतर दोन भरपूर पाणी देऊन मग बी टाकायचे. शेंगवर्गीय पिकांत जपून; मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंनाही फिनॉलिक द्रव्ये सोसत नाहीत.

म्हणून शेतात घालण्याआधी चाचणी. फुजींची पद्धत घरगुती केली तर ती अशी होते. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम चायना ग्रास उकळून विरघळवावे. हाताला सोसवेल इतके निवले की अकरा सेंटीमीटर रुंदीच्या सपाट डबीत ५० मिलिलिटर ओतावे. गोठले की त्यावर अर्धा ग्रॅम वाळलेला पाला पसरावा. सोनाराकडचा काटा किंवा दोनशे-तीनशे रुपयांचा छोटा डिजिटल काटा चालतो. वरून आणखी ५० मिलिलिटर. तेही गोठले की वर बी मांडावे, एका अर्ध्यात आपल्या पिकाचे, दुसऱ्या अर्ध्यात तणाचे, पंधरा-पंधरा. शेजारी तशीच डबी पाल्याशिवाय. झाकून तीन-चार दिवस अंधारात ठेवावे आणि मुळांची लांबी मोजावी. उगवण मोजून थांबू नये, कारण पाल्याचा घाव आधी मुळावर दिसतो: टोक तपकिरी, केस कमी. प्रत्येकाच्या तीन डब्या हव्यात, एका डबीवरून निकाल देऊ नये.

कागदावर अर्क घालून चाचणी करत असाल तर एक फसगत टाळावी. दाट अर्कात साखर-क्षार इतके असतात की बी पाणीच ओढू शकत नाही. त्याला कोणतेही दाट द्रावण चालेल, मिठाचेसुद्धा. घराघरांत पाण्याच्या शुद्धतेसाठी असलेली टीडीएसची पेनासारखी दांडी इथे काही अंशी कामी येते; ती क्षार मोजते, साखर नाही. अर्काचा आकडा घ्यावा, तेवढाच आकडा येईल इतके मीठ साध्या पाण्यात घालून तिसरी बशी लावावी. मिठाच्या बशीतही बी तेवढेच अडले तर तुमच्या पाल्यात विशेष काही नाही. डबीत जमले की मग आपल्याच मातीच्या कुंडीत करून पाहावे. डबीत बहाद्दर ठरलेले निम्मे पाले मातीत मऊ पडतात.

रसापेक्षा जिवंत झाड बरे, याचे आपल्याकडचे उत्तम उदाहरण गाजर गवताचे आहे. १९५०च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले हे काँग्रेस गवत पुढे देशभर पसरले. त्याला टाकळा दाबतो, आणि जबलपूरच्या तण संशोधन निदेशालयानेही ही वाट सुचवली आहे. टाकळ्याचे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोळा करायचे, वाळूत चोळून त्याचे कठीण कवच खरवडायचे आणि एप्रिल-मे महिन्यांत पडीक जागी, बांधाकडेला दाट फेकायचे. पहिल्या पावसात तो गाजर गवताच्या आधी जमीन झाकतो. यात सावलीचा वाटा मोठा, रसायनांचा त्याच्या जोडीला. कोवळी पाने जून-जुलैत खुडून भाजीला घ्यावीत. पालघरकडच्या बाया दादर-बोरिवलीत विकायला आणतात तोच हा टाकळा. शेंगा धरण्याआधी उरलेला कापावा, नाहीतर तोच पुढच्या वर्षीचे तण.

आता बाजाराबद्दल. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर परवानाधारक कीड नियंत्रकांपुरता मर्यादित केला. 'हर्बल तणनाशक' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांना अशा वेळी गिऱ्हाईक आयतेच मिळते. १९६८च्या कीटकनाशक कायद्यात तणनाशकेही येतात. तण मारण्याचा दावा करून एखादी वस्तू विकायची तर केंद्रीय नोंदणी समितीची नोंदणी लागते, मग ती पाल्याची असो वा कारखान्याची. स्वतःच्या शेतासाठी स्वतः अर्क करणे वेगळे, बाटलीत भरून विकणे वेगळे. लेबलवर नोंदणी क्रमांक, घटकाचे नाव आणि टक्केवारी नसेल तर ती बाटली घेऊ नये. घेतलीच असेल तर तिच्या करामतीकडे नीट पाहावे. उन्हात काही तासांत तण करपून दुसऱ्या दिवशी वाळले, तर पॅराक्वाट या जहाल तणनाशकाची शंका घ्यावी. त्यावर उतारा नाही, हे लक्षात ठेवून. आठ-दहा दिवसांनी पिवळे पडत लव्हाळासुद्धा मुळापासून बसला, तर ग्लायफोसेटची. पानांच्या रसाने लव्हाळा बसत नसतो. अशी बाटली लहान मुलांपासून दूर ठेवून तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे नमुना द्यावा, बिलासकट.

आपल्या शेती पुरवणीला एक विनंती. 'अमुक पाल्याने तण गेले' अशी बातमी छापताना चार गोष्टी मागून घ्या: चौरस मीटरला किती ग्रॅम पाला, कोणत्या पिकात लावणी की पेरणी, कोणते तण आणि ते किती दिवसांनी मोजले. शेजारी नुसत्या पाण्याचा वाफा ठेवला होता का, हेही विचारा. आणि मिठाची कृती आली तर ती छापू नका, हे आग्रहाने.

आपले,
वनस्पतिशास्त्र व कृषिविद्या शिकवणारे काही वाचक,
दादर, मुंबई